एमएच १७ : दुकानाची पाटी, एक होर्डिंग आणि चौदा आकडे

१७ जुलै २०१४, गुरुवार. रात्रीचे नऊ वाजत आले होते. मी तेव्हा एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर होतो आणि डाक आवृत्तीचं पहिलं पान सोडायची घाई चालली होती. पूर्व युक्रेनमध्ये मलेशियाचं प्रवासी विमान पडल्याची ओळ एजन्सीवर आली आणि लागलेलं पान मोडावं लागलं. मार्चमध्येच त्याच कंपनीचं एमएच ३७० गायब झालेलं. त्यामुळे मुख्य उपसंपादक आधी म्हणाले, "अरे, जुनीच बातमी परत फिरत नाहीये ना? बघ जरा." जुनी नव्हती. ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं बोइंग ७७७ होतं, उड्डाण क्रमांक एमएच १७. एजन्सीने आधी २९५ माणसं सांगितली, दुसऱ्या दिवशी आकडा २९८ झाला. कोणीही वाचलं नव्हतं.

आम्ही मथळा दिला, नकाशा टाकला, आणि 'पाडलं कोणी?' या प्रश्नाखाली युक्रेन आणि रशिया यांचे आरोप शेजारी शेजारी दोन कॉलमांत लावले. समतोल साधला म्हणून खूशही झालो.

आज मी पत्रकारितेच्या मुलांना आंतरराष्ट्रीय आणि लष्करी बातम्या ऑनलाइन कशा तपासायच्या ते शिकवतो. सुरुवात दरवर्षी याच प्रकरणाने करतो. त्या रात्री आमच्या डेस्कवर जे नव्हतं त्यातलं बरंच काही इंटरनेटवर उघड्यावर पडलेलं होतं. ते गुप्त नव्हतं आणि त्याला पैसेही पडत नव्हते. आम्ही मात्र एजन्सी, दोन-तीन विदेशी वाहिन्या आणि ट्विटर एवढ्याच खिडक्या उघडून बसलो होतो.

चौदा आकडे

विमान पडलं स्थानिक वेळेनुसार दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ६.५०. त्यानंतर साधारण अर्ध्या तासाने व्हीकॉन्ताक्ते या रशियन सोशल नेटवर्कवर एक पोस्ट आली. पूर्व युक्रेनच्या दोनेत्स्कमधल्या रशियाधार्जिण्या बंडखोरांचा लष्करी म्होरक्या इगोर गिर्किन, टोपणनाव स्त्रेल्कोव, याच्या नावाने चालणारं ते पान होतं. तोरेझ गावाजवळ आम्ही एक एएन-२६ पाडलं, 'प्रोग्रेस' खाणीच्या मागे कुठेतरी पडलंय, आमच्या आकाशात उडू नका असं आधीच बजावलं होतं, अशा अर्थाचा मजकूर. एएन-२६ हे युक्रेनी लष्कराचं मालवाहू विमान, आणि तसलं एक तीनच दिवसांपूर्वी खरोखर पाडलं गेलं होतं. या वेळी मात्र जे पडलं होतं ते एएन-२६ नव्हतं. पोस्ट लवकरच गायब झाली.

पण तोवर जुन्या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनने त्या पानाची प्रत घेऊन ठेवली होती. त्या प्रतीच्या पत्त्यात चौदा आकडे आहेत: २०१४०७१७१५२२२२. वर्गात मी ते फळ्यावर लिहितो आणि मुलांना फोडायला सांगतो. वर्ष २०१४, महिना ०७, तारीख १७, वेळ १५ वाजून २२ मिनिटं २२ सेकंद, जागतिक प्रमाणवेळेनुसार. त्यात साडेपाच तास मिळवा. आपल्याकडे रात्रीचे ८ वाजून ५२ मिनिटं. म्हणजे आम्ही पान मोडत होतो जवळपास त्याच वेळी.

इथे मुलं हमखास उडी मारतात: "म्हणजे सर, त्यांनी कबूलच केलं की!" सावकाश. अर्काइव्हची प्रत एवढंच सांगते, की अमुक वेळेला त्या पानावर अमुक मजकूर होता. तो कोणी लिहिला, हे ती सांगत नाही. पान स्त्रेल्कोवच्या चाहत्यांनी चालवलेलं होतं, त्याचं स्वतःचं नव्हतं, असा खुलासा नंतर झाला आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. तरीही या प्रतीमुळे एक गोष्ट पक्की झाली. तोरेझच्या परिसरात काहीतरी पाडल्याची बढाई बंडखोरांच्या गोटातून आधी आली, आणि प्रवासी विमान असल्याचं कळल्यावर ती झाकली गेली.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. कुठलंही संवेदनशील पान दिसलं, की वाचायच्या आधी त्याची अर्काइव्हमध्ये प्रत करून ठेवायची. स्क्रीनशॉट कोणीही बनवू शकतो, त्याला फारशी किंमत नाही. तिसऱ्याच कोणाच्या तरी संगणकावर वेळेच्या शिक्क्यासह ठेवलेल्या प्रतीची गोष्ट वेगळी.

दुकानाची पाटी

त्याच दिवशी आणखी एक फोटो फिरत होता. रस्त्याच्या कडेला लाल ट्रेलर, त्यावर बूक हे जमिनीवरून हवेत मारा करणारं क्षेपणास्त्र सोडणारी गाडी. फोटो कुठला, कधीचा, काहीच माहीत नाही. असले फोटो युद्धात रोज शेकड्याने फिरतात आणि निम्मे दुसऱ्याच देशाचे निघतात.

एलियट हिगिन्स या ब्रिटिश माणसाने 'बेलिंगकॅट' नावाची साइट विमान पडायच्या फक्त दोन दिवस आधी, १५ जुलैला सुरू केली होती. तो आणि त्याचे स्वयंसेवक या फोटोच्या मागे लागले. मागे एका दुकानाची पाटी दिसत होती: 'स्त्रोयदोम', म्हणजे बांधकामाच्या सामानाचं दुकान. आपल्याकडच्या 'श्री गणेश हार्डवेअर'सारखंच, कुठेही असू शकणारं. मग तोरेझमधल्या त्या दुकानाचा पत्ता सापडला, तोही नकाशात नाही, तर एका न्यायालयीन कागदात. दुकानाचा कुठलासा वाद कोर्टात गेला होता आणि कागदात पत्ता होता. त्या रस्त्यावरून कोणीतरी डॅशकॅम लावून गाडी चालवलेली, तो व्हिडिओ यूट्यूबवर होता. दुकान, झाडं, खांब, वळण, सगळं फोटोशी जुळलं. सावल्यांच्या दिशेवरून दिवसाची वेळ काढता येते. सूर्य कुठे होता हे दाखवणारी सनकॅल्क नावाची मोफत साइट आहे. वेळ निघाली भर दुपारची, विमान पडायच्या काही तास आधीची. दुसऱ्या दिवशी, १८ जुलैला, हे सगळं मांडून झालंही होतं.

या साखळीतल्या वस्तू पाहा. दिवाणी वादाचा कागद, हौशी ड्रायव्हरचा व्हिडिओ, सूर्याचं गणित. यातली एकही गोष्ट क्षेपणास्त्रासाठी किंवा आमच्या-तुमच्यासारख्या शोधणाऱ्यांसाठी तयार झालेली नव्हती. माझं या प्रकरणातून झालेलं मत हेच आहे: आंतरराष्ट्रीय घडामोडींवर शोधाशोध करताना, आपल्याला पटवण्यासाठी कोणी मुद्दाम मांडलेल्या माहितीपेक्षा, भलत्याच कारणासाठी नेटवर येऊन पडलेली माहिती आधी धुंडाळावी. पत्रकार परिषद आपल्यासाठी भरवलेली असते. डॅशकॅमला आपला पत्ताही नसतो.

होर्डिंगचा किस्सा याच जातीचा, फक्त उलट्या बाजूने. १८ जुलैला युक्रेनच्या गृह मंत्रालयाने एक छोटा व्हिडिओ दिला. पहाटेच्या उजेडात ट्रेलरवरून बूक चाललीय आणि तिच्यावरचं एक क्षेपणास्त्र कमी दिसतंय. ही लुहान्स्कमधून रशियाकडे परत जाणारी गाडी, असा त्यांचा दावा. २१ जुलैला मॉस्कोत रशियन संरक्षण मंत्रालयाने मोठी पत्रकार परिषद घेतली. मोठे पडदे, नकाशे, गणवेशातले अधिकारी. त्यांनी सांगितलं, की व्हिडिओतल्या होर्डिंगवर क्रास्नोआर्मिइस्क गावातल्या एका मोटारविक्री दुकानाचा पत्ता आहे, आणि ते गाव तर युक्रेनी सैन्याच्या ताब्यात होतं. झालं, डाव उलटला.

पण होर्डिंग जागेवरच होतं! लुहान्स्कच्या एका रहिवाशाने जाऊन त्याचे फोटो काढले. त्यावर मॉस्कोने वाचून दाखवलेला पत्ता नव्हताच. वरून जाणाऱ्या ट्रॉलीबसच्या तारासुद्धा लुहान्स्कच्याच बाजूने बोलत होत्या. चौकात उभ्या माणसाने मोबाइल वर धरला, एवढाच काय तो खर्च. आमच्या पेपरात मात्र मॉस्कोची पत्रकार परिषद चार कॉलम लागली होती आणि होर्डिंगच्या फोटोबद्दल एक ओळही नव्हती.

गावाची नावं

आज हे सगळं शोधायला बसलात तर पहिली ठेच गावांच्या नावांशी लागते. तोरेझचं नाव युक्रेनने २०१६ मध्ये बदलून चिस्त्याकोवे केलं. क्रास्नोआर्मिइस्क म्हणजे अलीकडच्या लढाईच्या बातम्यांतलं पोक्रोव्स्क. तोरेझशेजारचं गाव युक्रेनीत स्निझ्ने, रशियनमध्ये स्नेझ्नोये. लुहान्स्क आणि लुगान्स्क एकच. बेळगाव, बेळगावी आणि बेलगाम अशा तिन्ही नावांनी शोधल्याशिवाय सीमाप्रश्नावरचे कागद पुरे सापडत नाहीत, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. तसंच हे. शिवाय इंग्रजीत शोधलं की इंग्रजी बातम्याच येतात. गावाचं नाव भाषांतर करणाऱ्या साइटवरून सिरिलिक या रशियन-युक्रेनी लिपीत करून घ्या आणि ते शोधपट्टीत चिकटवा, समोर वेगळंच जग उघडतं. स्थानिक गप्पांची पानं, जुन्या गाड्यांच्या जाहिराती, पाणी न आल्याच्या तक्रारी. भाषांतर ओबडधोबड येतं. चालतं. आपल्याला कविता वाचायची नसते.

बूक नेमकी कुणाची, याचा माग अशाच घरगुती मालमसाल्यातून निघाला. जून २०१४ च्या शेवटच्या आठवड्यात कुर्स्कच्या ५३ व्या हवाई संरक्षण क्षेपणास्त्र ब्रिगेडचा लांबलचक ताफा युक्रेनच्या सीमेकडे गेला होता. वाटेवरच्या लोकांनी गंमत म्हणून त्याचे व्हिडिओ काढून टाकले. एका गाडीवरच्या तीन आकडी क्रमांकातला मधला आकडा पुसट होता, पण साखळीपट्ट्यांवरची रबरी झालर जिथे जशी फाटली-दुमडली होती, ती खूण जुलैतल्या फोटोंतल्या गाडीशी जुळली. रोज एकाच एसटीने जाणारा माणूस नंबर न बघताही बंपरच्या पोचावरून आपली गाडी ओळखतो, त्यातलाच प्रकार. हा माग बेलिंगकॅटने आधी मांडला. नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, बेल्जियम, मलेशिया आणि युक्रेन यांच्या संयुक्त तपास पथकाने स्वतःचा वेगळा तपास करून २४ मे २०१८ रोजी तेच सांगितलं: बूक ५३ व्या ब्रिगेडची होती.

आमची चौकट

आता स्वतःची गोष्ट. विमान पडलं त्या दिवशीच ट्विटरवर एक खातं गाजलं. आपण कीवच्या विमानतळावर काम करणारा स्पॅनिश हवाई नियंत्रक आहोत आणि एमएच १७ च्या मागे युक्रेनची दोन लढाऊ विमानं होती, असं तो लिहीत होता. मी ते दोन विदेशी संकेतस्थळांवर वाचलं आणि साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "दोन ठिकाणी आलंय ना? मग घे चौकटीत." घेतलं. मथळा माझाच होता, आणि त्याला प्रश्नचिन्ह दिलं होतं. प्रश्नचिन्ह दिलं की जबाबदारी संपते, असं तेव्हा वाटायचं.

असा कोणी नियंत्रक कीवमध्ये नव्हताच. आणि ती दोन संकेतस्थळं म्हणजे दोन ठिकाणं नव्हती. दोघांचं मूळ तेच एक ट्विटर खातं. किती जणांनी छापलं हे मोजण्यात अर्थ नाही, मूळ किती आहेत ते मोजायचं, हे मी या चौकटीवर शिकलो. हल्ली कुठलाही लष्करी दावा आला की त्यातलं एखादं चमत्कारिक वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधतो आणि निकाल जुन्यात जुन्या तारखेपर्यंत मागे ढकलत नेतो. बहुतेक वेळा सगळी गर्दी एकाच खिडकीशी जाऊन थांबते.

लढाऊ विमानाची हीच कहाणी मॉस्कोनेही मांडली: जवळ युक्रेनचं सुखोई-२५ असावं. एमएच १७ उडत होतं ३३ हजार फुटांवर, म्हणजे सुमारे १० हजार मीटरवर. सुखोई-२५ हे जमिनीवर मारा करायचं विमान, त्याची नोंदलेली कमाल उंची ७ हजार मीटर. गंमत अशी, की त्याच सुमारास रशियन विकिपीडियावर कोणीतरी ही उंची बदलून १० हजार केली. लेखाच्या 'इतिहास' या कळीवर टिचकी मारली की कुठला आकडा कधी बदलला ते दिसतं. विकिपीडिया वापरू नका, असं मी मुलांना सांगत नाही. इतिहासाचं पान बघितल्याशिवाय वापरू नका, असं सांगतो.

मग कोणीतरी विचारतंच: फ्लाइटरडार२४ वर सुखोई दिसलं का? नाही दिसलं, आणि दिसलं असतं असंही नाही. ती साइट विमानाने स्वतः प्रसारित केलेले संकेत पकडते, लष्करी विमान ते बंद ठेवू शकतं. तिथे न दिसणं हा कुठल्याच बाजूचा पुरावा नाही. तिचा खरा उपयोग वेगळ्या प्रश्नाला झाला. त्या आकाशात आणखी कोण होतं? एअर इंडियाचं दिल्ली–बर्मिंगहॅम एआय ११३ त्याच भागातून चाललं होतं. डच सुरक्षा मंडळाच्या चौकशी अहवालानुसार हवाई हद्द बंद होईपर्यंत त्या दिवशी १६० प्रवासी विमानं त्या टापूवरून गेली. युक्रेनने तीन दिवस आधी ३२ हजार फुटांखालची हद्द बंद केली होती. एमएच १७ तिच्या एक हजार फूट वर होतं. मलेशियाचंच विमान तेवढं वेड्यासारखं युद्धावरून गेलं, हा आपल्याकडे पसरलेला समज या एका आकड्याने मोडतो.

आकाशातून

उपग्रहचित्रांच्या बाबतीत मी मुलांना शोधणाऱ्यांची चूकही दाखवतो. २१ जुलैच्या परिषदेत रशियाने दोनेत्स्कजवळच्या युक्रेनी तळाची चित्रं दाखवून १४ आणि १७ जुलैला तिथल्या बूकची हालचाल झाल्याचा दावा केला होता. बेलिंगकॅटने ती गुगल अर्थमधल्या जुन्या चित्रांशी ताडली. गुगल अर्थ प्रोमध्ये घड्याळाच्या खुणेवर टिचकी मारली की तारखेनुसार मागे जाता येतं. गवताचे पट्टे, जमिनीवरचा तेलाचा डाग, झाडी, यावरून रशियाने सांगितलेल्या तारखा जुळत नव्हत्या. पुढे लोकांकडून पैसे गोळा करून १७ जुलैचं व्यापारी उपग्रहचित्र विकत घेतलं गेलं, त्यानेही तेच दाखवलं.

इथवर ठीक. पण २०१५ च्या अहवालात त्यांनी चित्रात फेरफार झाल्याचं दाखवायला एका मोफत साइटवरचं पिक्सेलांच्या चुकांचं विश्लेषणही जोडलं, आणि प्रतिमातज्ज्ञांनी त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. ती पद्धत असल्या चित्रांवर भरवशाची नाही. तेलाचा डाग पुरेसा होता. वरून रंगीत आलेख चढवायचा मोह झाला आणि त्यामुळे समोरच्याला बोट ठेवायला जागा मिळाली. वर्गात यावर जास्त वेळ जातो, कारण मुलांना नेमकी अशीच साधनं आवडतात: फोटो टाका, निकाल घ्या.

दुसरं टोक नोव्हेंबर २०१४ चं. रशियाच्या एका मोठ्या सरकारी वाहिनीने लढाऊ विमान एमएच १७ वर क्षेपणास्त्र सोडतानाचं 'उपग्रहचित्र' दाखवलं. काही तासांत लोकांनी शोधून काढलं, की खालची जमीन गुगल अर्थवरच्या २०१२ च्या चित्रातून उचललेली आहे. ढगांचे आकारसुद्धा तेच.

आज कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाच्या साइटवर सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. जगातली बहुतेक सगळी जमीन, दर काही दिवसांनी. पण त्यातला एक ठिपका दहा मीटरचा. जळलेलं शेत, नवी धावपट्टी, खणलेले खंदक दिसतात, रणगाडा मोजता येत नाही. आणि सेंटिनेल-२ आकाशात गेला जून २०१५ मध्ये. साधन निवडताना ते त्या तारखेला होतं का, हा प्रश्न विद्यार्थी हटकून विसरतात. दर बॅचमध्ये कोणीतरी जुलै २०१४ चं सेंटिनेलचं चित्र शोधत अर्धा तास घालवतं. मी मध्ये बोलत नाही.

कंटाळवाणे कागद

शेवटी उरतात ते अधिकृत दस्तऐवज, जे कोणी उघडत नाही. डच सुरक्षा मंडळाचा १३ ऑक्टोबर २०१५ चा अहवाल इंग्रजीत मोफत आहे. ९एम३८ मालिकेचं क्षेपणास्त्र, त्यावर ९एन३१४एम प्रकारचा स्फोटकाग्र, आणि ते सुटलं असावं तो ३२० चौरस किलोमीटरचा टापू, हे सगळं त्यात. कोणी डागलं हे त्यात नाही, कारण विमान अपघाताच्या असल्या चौकशीचं ते कामच नाही. 'अहवालात रशियाचं नाव नाही' अशी बातमी तेव्हा काही ठिकाणी आली होती. कागद खरा, अर्थ खोटा.

नाव हवं असेल तर न्यायालयाकडे जायचं. ९ मार्च २०२० ला सुरू झालेला डच खटला इंग्रजी भाषांतरासह इंटरनेटवरून थेट दाखवला गेला. १७ नोव्हेंबर २०२२ ला गिर्किन (वरचाच स्त्रेल्कोव) आणि त्याच्यासोबतचे आरोपी दुबिन्स्की आणि खारचेन्को यांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप झाली. चौथा, पुलातोव, सुटला. त्या सुटकेची कारणं वाचाच: बूकबद्दल माहीत असणं आणि ती वापरण्यात हात असणं, यातला फरक न्यायालय किती बारकाईने करतं ते कळतं. ९ जुलै २०२५ ला युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने विमान पाडल्याबद्दल रशियालाच जबाबदार धरलं.

राजकीय बाजूसाठी संयुक्त राष्ट्रांचं डिजिटल ग्रंथालय. २१ जुलै २०१४ चा सुरक्षा परिषदेचा ठराव २१६६ एकमताने झाला. वर्षभराने, २९ जुलै २०१५ ला, दोषींवरच्या खटल्यासाठी आंतरराष्ट्रीय लवाद नेमण्याच्या प्रस्तावावर ११ मतं बाजूने पडली, चीन, अंगोला आणि व्हेनेझुएला तटस्थ राहिले आणि रशियाने नकाराधिकार वापरला. दोन्ही बैठकींचा शब्दशः वृत्तान्त तिथे आहे. एजन्सीने कुठल्या वाक्याचा कुठला तुकडा उचलला होता ते शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. भारताचं मत शोधत बसू नका. भारत तेव्हा परिषदेवर नव्हता.

२०१४ मध्ये मी या प्रकरणाचे दुवे एका एक्सेल फाइलमध्ये साठवायला सुरुवात केली होती. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीला ती फाइल दिली आणि एकेक उघडून बघायला सांगितलं. यूट्यूबचे बरेच व्हिडिओ काढून टाकलेले, व्हीकॉन्ताक्तेची खाती बंद, काही साइटींचं नावच कोणी दुसऱ्याने विकत घेतलेलं. अर्काइव्हच्या प्रती उघडल्या, चौदा आकड्यांची तीसुद्धा. मग तिने सहज म्हणून आमच्या जुन्या पेपरचा ई-पेपर उघडला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. स्पॅनिश नियंत्रकाची चौकट प्रश्नचिन्हासकट जागेवर होती. मी पुढच्या आठवडाभराची पानं उघडून बघितली. दुरुस्ती कुठेच छापलेली नव्हती.